कान टोचणी

नव्या फोनचे कान टोचलेलेच नाहीत.
खालून-वरून चाचपून पाहिलं,
चार्जिंगचं एक भोक, बाकी सगळा गुळगुळीत साबण.
आणि माझा हेडफोन जुन्या वळणाचा,
शेपटीला पितळी टोक, उशांचं कातडं सोललेलं,
आवाज मात्र अजून खणखणीत.
टाकून दे, ब्लूटूथ घे, म्हणाले सगळे.
मी म्हटलं, चालत्या माणसाला कोणी घरी बसवतं का?
मग आठवलं, बसवतात.

शनिवारी अर्धा दिवस. अंबडहून निघून
एम. जी. रोडला गुरमुखच्या गाळ्यात उभा राहिलो.
सोबत हर्षला पेखळे, आमच्या खात्यातली ॲप्रेंटिस,
तिला स्क्रीनगार्ड बसवायचं होतं.
पलीकडे सराफ बाजार,
तिथे याच कामासाठी एखादं बाळ रडत असेल.

गुरमुखनं काचेवर तीन डोंगल मांडले, बोट-बोटभर.
पहिला दीडशेचा. आत नुसती तार, डोकं नाही;
फोननं त्याला ओळखच दाखवली नाही.
दुसरा साडेअकराशेचा, काळ्या सुती वेणीचा.
तिसरा चार हजार दोनशे:
ॲल्युमिनियमचं अंग, निळा दिवा,
बत्तीस बिट, तीनशे चौऱ्याऐंशी किलोहर्ट्झ.
पिंपळगावचा व्यापारी द्राक्षाची साखर सांगतो
तशा तोऱ्यात त्यानं आकडे सांगितले.

मला आकड्यांचं भय नाही. बावीस वर्षं
मायक्रॉनवर भाकरी खाल्ली.
पण मार्चमधल्या तपासणीचा कागद
पाकिटात अजून घडी घालून आहे:
डावा कान, चार हजारापाशी रेघ अशी उतरते
जसा कसारा घाट.
तीनशे चौऱ्याऐंशी हजारांचं मी काय करू?
घाटाखालच्या माणसाला विमानाचं वेळापत्रक.

"गाणं लावा ना साहेब, टेस्टिंगला."
मी गाणं लावलं नाही.
फोनमध्ये माझी एक फाइल आहे, पोरांना शिकवायची:
बासष्ट-शून्य-पाच नंबरची बेअरिंग, रिकामी फिरताना.
आधी खराब, मग चांगली.
खराब बोलते. किरकिरते, कुठे दुखतंय ते सांगते.
चांगली काहीच म्हणत नाही.
मला ते काहीच ऐकायचं होतं.

चार हजारवाल्यात खराब बेअरिंग
इतकी जवळ आली की हात ग्रीसच्या डब्याकडे गेला.
साडेअकराशेवाल्यातही आली, जरा मागे सरकून,
शेजारच्या मशीनवर असावी तशी.
मग चांगलीचे वीस सेकंद. दोन्हींत सारखेच.
मी हेडफोन हर्षलाच्या डोक्यावर ठेवला.
तिनं डोळे मिटले, मीच शिकवलंय तसे.
"सर, महागड्यात सूं आहे. बारीक. याच्यात नाही."
"असं होतच नाही," गुरमुख म्हणाला.
स्वतः लावून पाहिलं. कबूल केलं नाही,
पण महागडा डबीत परत भरताना
झाकण दोनदा उलटं बसलं.

सोनारानंच कान टोचावेत म्हणतात.
माझे टोचले एकोणीस वर्षांच्या पोरीनं,
जिला गेल्या महिन्यात सगळ्यांदेखत झापलं होतं
इअरप्लग घातले नाहीत म्हणून.
तिच्या वयात मी साधा कापूसही घालत नव्हतो,
हे तिला सांगितलेलं नाही.

अकराशेला सुटला. वर एक रबरी टोपी फुकट.

रात्री पाथर्डी फाट्यावर, गच्चीत.
खिशात डोंगल कोमट होतोय, बॅटरी घटाघटा पितोय;
हे गुरमुखनं सांगितलं नव्हतं.
आवाजाची पट्टी दोन घरं डावीकडे सरकवली.
चांगली बेअरिंग लावली.
वीस सेकंद.
काहीच नाही.

आता हे काहीच डोंगलचं
की माझ्या डाव्या कानाचं,
सोमवारी विचारेन.
पहिल्या पाळीला तीच असते.