बहात्तर भागिले सहा

देगलूरकडच्या आमच्या गावात गिरणी एकच, ती माझी.
दुपारी डब्यांची रांग लागली
अन् रांगेत कोटलवार मॅडमचा विषय निघाला.
पोरीला दोनदा उभं केलं म्हणे,
फोनवरच असती म्हणे,
पगार बघा अन् शिकवणं बघा.

आम्रपाली पोत्यावर बसून ज्वारीचे दाणे मोजत होती,
म्हणजे मोजत नव्हती.
लेकरांच्या कानाला चाळणी नसते.

मी बोलले नाही काही.
बटण दाबलं.
पट्टा फिरला, घरघर उठली,
तोंडं हलत राहिली नुसती.

खरं सांगायचं तर राग मलाही होता.
मॅडमचा भागाकार मला कळेना.
परवा मीच वहीवर काट मारली,
"असं नसतंय" म्हणाले,
अन् पोरगी आम्हा दोघींच्या मधी अडकून रडली.

शनिवारी शाळा सुटल्यावर गेले.
मॅडम एकट्याच, खोकत, फळा पुसत होत्या.
"तुमची रीत मला दाखवा," म्हटलं.
हसल्या नाहीत. खडू दिला.
पिठाच्या बोटांत तो वेगळा दिसेना.

साही दाही साठ. उरले बारा.
साही दुणे बारा.
अगं बाई, मीही असंच मोजते की!
आधी पायली, मग उरलेलं शेरानं.

उभं करण्याचंही विचारलं,
आम्रपाली बाहेर हापशावर होती तेव्हा.
उत्तर सगळं पटलं नाही.
तसं सांगितलं. त्यांनी ऐकलं.

घरी येऊन वही उघडली.
काट मारलेल्या ओळीखाली
तीच ओळ पुन्हा लिहिली,
माझ्या अक्षरात, वाकडी.