दहापैकी

प्रसूतिगृहातलं घड्याळ सात मिनिटं पुढं आहे.
सेनगावच्या ग्रामीण रुग्णालयात हे सगळ्यांना माहीत,
कुणी काटा फिरवत नाही.
जन्माची वेळ लिहिताना मी सात वजा करते.
दहावीला गणितात दोनदा नापास झालेली मी
तेवढी वजाबाकी चुकत नाही.

आज पहाटे चार सदतीस, म्हणजे साडेचार,
द्रौपदा खिल्लारेचं लेकरू आलं
आणि रडलं नाही.

ठकुबाईनं कोमट टॉवेल आधीच पुढं केला होता.
पुसलं. पाठ चोळली. तळव्यावर दोन टिचक्या.
नाही.

एका मिनिटाला गुण द्यायचे असतात,
पाच रकाने, प्रत्येकी दोन.
नाळेच्या मुळाशी बोटं ठेवली,
सहा सेकंद मोजले, पुढं शून्य लावलं.
ऐंशी ठोके. एक गुण.
श्वास, शून्य.
हातपाय ओल्या चिंधीसारखे, शून्य.
नाकाशी नळी नेली तर तोंड जरासं वाकडं केलं, एक.
रंग.

रंगाच्या रकान्यात छापलंय, गुलाबी.
हा तक्ता जिथं कुठं बनला
तिथं लेकरं गुलाबी होत असतील.
आमच्याकडं येतात गव्हाळ, सावळी,
कधी नुकत्या नांगरलेल्या रानासारखी ओलीकाळी.
म्हणून मी ओठ उघडून जीभ बघते.
जीभ खोटं बोलत नाही,
निदान पहिल्या दिवशी तरी.
आज जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी.
दहापैकी दोन.

मान सरळ, हनुवटी वर, मास्क, पिशवी.
दाब, दोन, तीन. दाब, दोन, तीन.
ठकुबाईनं उजव्या मनगटाला सेन्सर गुंडाळला,
उजव्याच, डावा चालत नाही,
पट्टी मनगटापेक्षा रुंद.
आकडा येईना. नुसत्या दोन रेघा.
आणि लाईट गेली.

लाईट जाणं ही इकडं बातमी नाही.
मशीनला बॅटरी होती.
अंधारात दोन हिरव्या रेघा,
मग एकावन्न.

नव्या पोरी इथंच घाबरतात,
साठाच्या आत आकडा दिसला की ऑक्सिजन पुरा सोडतात.
अगं, पोटात ते एवढ्यावरच वाढलं ना?
नव्या गावात एस्टीतून उतरलेल्या माणसालाही
रस्ता कळायला दहा मिनिटं लागतात.
असं मी त्यांना सांगते.
स्वतःला सांगत नाही, वेळ नसतो.
दाब, दोन, तीन.

"रडंना का वं, सिस्टर?" द्रौपदा विचारत होती.
मी उत्तर दिलं नाही.
दोन ठिकाणी एकदम मोजता येत नाही मला.

अठ्ठावन्न. चौसष्ट.
छाती उठत होती, पण ती मी उठवत होते.
एकाहत्तर.
मग एकदा मी दाबायच्या आधीच उठली.
थांबली. परत उठली.
आणि आवाज आला, त्याला रडणं म्हणता यायचं नाही,
हापशातून पाणी यायच्या आधी
आत खोल काहीतरी खरडतं ना, तसा.

पाचव्या मिनिटाला सात. मशीनवर ब्याऐंशी.

द्रौपदाच्या आईनं दारातून डोकं आत घातलं.
"काय झालं?"
"सात," मी म्हणाले.
"सात काय, बाई? पोरगं का पोरगी ते इचारलं म्या."
मी पाहिलंच नव्हतं.
त्या पाच रकान्यांत तो प्रश्न नाही.

लाईट आली. एक्याण्णव.
तरी हिंगोलीला फोन लावला,
गाडी येईपर्यंत आईच्या छातीवर ठेवलं.
तळहात अजून निळसर होते, ते असतातच,
साहेबांच्या नातीचेही होते.
सत्तावीस वर्षांत पहिल्या मिनिटाला
दहा लिहिल्याचं मला आठवत नाही.

रजिस्टरात चार तीस लिहिलं.
ठकुबाई म्हणाली, "पण श्वास तर मागून सुरू झाला की."
मी पेन उचललं, परत ठेवलं.
मधली तीन मिनिटं कुणाच्या नावावर टाकायची
याला रकाना नाही.

पट्टीला पांढरं चिकट लागलं होतं.
स्पिरिटनं पुसत होते
तेवढ्यात तिसऱ्या खाटेवरची ओरडली.