हाकेच्या अंतरावरचं बी

जांबोटीच्या पुढं चिऱ्याची खाण बंद पडली
तिथला माळ अजून लालच आहे,
सोलवटलेल्या गुडघ्यासारखा.
पहिल्या वर्षी ट्रक आला, पार पलीकडच्या किनाऱ्याकडून.
चार हजार रोपं, सगळी एका उंचीची,
प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखी.
पावती माझ्याकडं आहे.
रोपं नाहीत.

तीही ऐनच होती, जांभळंच होती.
नावात चूक नव्हती काही.
फक्त आमच्याकडं श्रावणभर ऊन फिरकत नाही
आणि माघात धुकं पानावर
उन्हं वर येईस्तोवर बसून राहतं
हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"सुनेला लांबचं माहेर चालतं," बायजव्वा म्हणाली,
"खरं झाडाला नाही चालत."
(आमच्यात 'खरं' म्हणजे 'पण'.
पुण्याच्या पाहुण्यांना दरवेळी सांगावं लागतं.)

तेव्हापासून आम्ही हाकेच्या अंतरावरचंच बी घेतो.
हाक म्हणजे बायजव्वाची,
ओढ्यापलीकडच्या म्हशी माना वळवतात ती.
देवराईतलं घ्यायचं नाही, ते देवीचं.
उदमांजर देवराईबाहेर येऊन जे टाकतं
ते मात्र चालतं.
देवीनंच धाडलं, असं धरायचं
आणि हात धुवायचे.

जांभळाचं बी त्याच आठवड्यात मातीत जायला हवं,
ठेवलं की मरतं, मुकाट.
हिरडा उलटा.
त्याला शेणकाल्यात भिजवा, दगडावर घासा,
शिव्या द्या,
मग विसरून जा.
कुंभ्याचं गणित माझं दोनदा चुकलं.

पाट्या मी रंगवतो.
वर मराठी की वर कन्नड, यावर बैठक झाली,
चहा दोनदा झाला.
शेवटी एकाच ओळीत लिहायचं ठरलं:
ऐन मत्ती. हिरडा अळले. जांभूळ नेरळे.
डावीकडचं पहिलं की उजवीकडचं, यावर
बसलिंग अजून धुमसतोय.
बायजव्वाला दोन्ही वाचता येत नाहीत.
ती पान चुरगळते, हुंगते,
आणि चूक असेल तर
पाटी उपटून माझ्या हातात देते.

यंदा मोजणी केली. सहाशेतली दोनशे अकरा.
बसलिंग म्हणाला, कमी.
मी म्हणालो, चार हजारांतल्या शून्यापेक्षा बरी.
परत येताना, खाणीच्या काठाला,
जिथं आम्ही खड्डाच मारला नव्हता,
चार पानांचं एक रोप.
ना काठी, ना पिशवीचा फाटका काळा तुकडा.
वहीत त्याला रकाना नाही.
मी विचारलं, काय गं हे?

बायजव्वानं पान तोडलं नाही.
वाकून नुसतं हुंगलं,
हसली,
आणि म्हशींना हाक घालत
पुढं निघून गेली.