सहदेवी, गेट नंबर एकशे सात

दोंडाईच्याच्या अलीकडे, फाटकाच्या गुमटीमागे
चार जुने लाकडी स्लीपर आडवे टाकून मी वाफा केला.
खिळ्यांची भोकं तशीच.
झेंडू नाही, शेवंती नाही,
सहदेवी लावली.

लावली म्हणजे काय,
पुसात रुळाकडेच्या खडीतून
तिचे पांढरे तुरे चिमटीने खुडून आणले,
माती न उकरता नुसते भुरभुरले, तळहाताने दाबले
आणि प्यायच्या कळशीतलं पाणी
भोकं पाडलेल्या डब्याने शिंपडलं.
पुरलं तर उगवत नाही ते.
पहिल्या वर्षी मी पुरलं होतं.

हिलाल गँगमन फावडं टेकून म्हणाला,
"हाई काय लायं वं ताई? तन शे ना हाई."
म्हटलं, तनच आहे. फावडं तिकडे ठेव.
दोन रुळांमधलं हिरवं काढायचं, ही त्याची नोकरी.
पण आता वाफ्यापाशी आला
की बूट उचलून वळसा घालतो.

फूल म्हणाल तर उडदाएवढं.
जांभळं, पाण्यात विरलेल्या शाईच्या गोळीसारखं.
मालगाडी गेली की सगळी एकदम थरथरतात,
मी झेंडी गुंडाळली तरी थांबत नाहीत.
नखाएवढी निळी फुलपाखरं येतात,
एवढ्याशा दुकानाला एवढंसंच गिऱ्हाईक.

मिरची खुडायला जाणाऱ्या बायका
फाटक बंद असलं की इथे टेकतात,
बोटांची आग पदराने वारत.
त्यातली दगूबाई वाकून बघत म्हणाली,
"सहदेवी शे वं माय ही!
ताप उना का हिनी मुळी डोकाले बांधतस."
मला अजून ताप आलेला नाही.

वैशाखात ती मरते.
म्हणजे तसं दिसतं. काळ्या काड्या, बाकी धूळ.
साहेब ट्रॉलीवरून उतरले, म्हणाले, हा कचरा काढा.
मी वीतभर खुंट ठेवून वरचं छाटलं
आणि रजिस्टरात लिहिलं, सफाई केली.
आषाढात प्रत्येक खुंटाच्या बुडातून चार-चार फुटवे आले,
तोवर साहेबांची बदली झाली होती.

यंदा फाटकच बंद होणार. रस्ता खालून जाईल.
खोदकामाची चुन्याची रेघ
वाफ्याच्या मधोमध ओढून गेलेत.
एक झाड उपटून पाहिलं.
देठ हातात आला, मूळ आतच राहिलं.

धुक्यात रुळावर ठेवायच्या फटाक्यांचा
रिकामा डबा धुतला, उन्हात वाळवला,
त्यात तुरे भरले.
डब्यावर लाल अक्षरात अजून लिहिलेलं आहे: धोका.

मला नंदुरबारकडचं गेट मिळालंय.
तिथली माती कशी आहे, विचारलं
तर ऑफिसातला बाबू हसला.

काल झाकण उघडून बघत होते,
तेवढ्यात सुरतेची गाडी आली.
झेंडी धरायची होती, डबा उघडाच राहिला.
अर्धे तुरे गाडीमागे गेले.

अर्धे आहेत.