चार बोटं

आधी छत मोजलं.
मग पुन्हा मोजलं, कारण टेपचं टोक वाकलेलं.
अकरा फूट दोन इंच.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात,
मी छत पाहून गाडी उचलणार होतो:
खाली ट्रक, सहा फूट एक,
वर ऑल्ड्समोबिल, चार फूट पाच,
मधे लोखंडी पट्ट्यांची जाडी.
तीन इंच उरतात, मी म्हणालो.
फ्रीजर कुठे ठेवू, साईमा म्हणाली.

क्लॅरेन्स बोदुआँ ड्रिल घेऊन आला.
जमिनीला भोक पाडलं, वाकडी तार आत सोडली,
खालच्या कडेला अडकवून अंगठ्याने खूण धरली.
साडेचार इंच.
हे काँक्रीट माझ्या बापाने ओतलेलं.
बाप कधी खोटं बोलला नाही,
पण काँक्रीटच्या जाडीबद्दल
खरं कोण सांगतं?

दोन खांबांची घे, क्लॅरेन्स म्हणाला,
चाकं मोकळी लोंबतात, ब्रेकचं काम सोपं.
पण मला गाडी काखेत धरून उचलायची नव्हती.
उभी राहू दे तिला स्वतःच्या चाकांवर,
रस्त्यावर राहते तशी,
फक्त जरा उंच.

फोनवरचा मुलगा म्हणाला, नऊ हजार पौंड पेलते, डोळे मिटून घ्या.
मी डोळे उघडे ठेवून
ट्रक लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर नेला,
मागे हत्यारांची पेटी होती तशीच ठेवून.
मगच पैसे भरले.
किती, ते साईमाला बँकेच्या कागदावरून कळलं.

फ्रीजर तळघरात गेला,
हरणाचं मांस, दोन उन्हाळ्यांच्या ब्लूबेरी,
तेरा पायऱ्या.
ती दोन दिवस बोलली नाही.

आता मुख्य गोष्ट.
गाडी तेलाच्या भरवशावर सोडायची नसते.
हवी त्याहून थोडी वर न्यायची, मग हलकेच खाली,
चारही खांबांत कुलपं बसेपर्यंत.
बसली की आवाज येतो म्हणे: कट्.
म्हणे, कारण कागदाच्या कारखान्यातली एकतीस वर्षं
माझ्या कानांत राहायला आली आहेत
आणि भाडं देत नाहीत.

तिसऱ्या संध्याकाळी मी बटण दाबलं.
स्वयंपाकघराचं दार उघडलं.
हातात बशी पुसायचं फडकं,
दुसऱ्या हाताचं एक बोट वर.
मग दुसरं. तिसरं.
चौथं.
दार बंद.

तेव्हापासून असंच.
याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.
बोलणं सुरू झालं ते ब्लूबेरीवरून.

नोव्हेंबरात, सरोवरावरून बर्फ आडवा येत होता तेव्हा,
मी पाना उचलून खाली शिरतच होतो.
दारात तीन बोटं.
मी थांबलो. तिच्याकडे पाहिलं.
तीनच.
मागचा डावा खांब: खाचेत लाकडाची ढलपी,
नखाएवढी.
ती काढली, पुन्हा वर, पुन्हा खाली.
मग तिची करंगळी उठली,
संधिवाताने वाकडी झालेली, जेवढी उठते तेवढी.
जीव टांगणीला लागणं म्हणजे काय
ते मला त्या दिवशी
गाडीच्या खालून कळलं.

आज साईमा एस्कनाबाला, बहिणीच्या गुडघ्यासाठी.
मी एकटा बटणापाशी.
प्रत्येक खांबाजवळ जातो,
विजेरी लावून कुलूप बघतो, तळहात टेकवतो,
चार खांब, अकरा मिनिटं.
तिला फडकं खाली न ठेवता जमायचं.

सगळं बसलंय.
तरी दाराकडे एकदा बघितलं.

ट्रकच्या काचेवर
वरच्या गाडीचं तेल ठिबकलंय, तीन थेंब.
खाली धरायला ट्रे मिळतो, चाळीस डॉलर.
घे, ती म्हणाली होती.
कशाला, मी म्हणालो होतो.