लिंबूटिंबू

माझं वय एकसष्ट.
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी,
बत्तीस वर्षं काढली. डावा कान तिथेच राहिला.
आधीच सांगतो, म्हणजे खेळातल्या संगीताबद्दलचं
माझं मत अर्धंच धरावं.

बाकी मतं पुरती आहेत.

साळिंदर चांगलं आहे.
डोक्यावर किटली घेऊन उड्या मारतं,
दरीत पडलं की बुडबुड्यात बसून परत येतं
आणि कोणी त्याच्यावर ओरडत नाही.
पोरं खेळताना एका चिमुरड्याला लिंबूटिंबू म्हणतात ना,
धरला तरी बाद नाही, राज्य त्याच्यावर नाही,
तसे इथे सगळेच. राक्षससुद्धा.
त्याला गुदगुल्या केल्या की ढेकर देतो
आणि लाजून ढगामागे जातो.
आमच्या इंजिनखोलीत असा नियम असता
तर पेंतीची दोन बोटं आज हातात असती.

घुबड मात्र नको.
प्रत्येक पुलापाशी येऊन सांगतं, हा पूल आहे.
अरे बाबा, दिसतोय.
माझ्या हाताखाली यॉर्मा नावाचा पोरगा होता,
पाना देताना म्हणायचा, हा पाना.
त्याला मी दोन हिवाळ्यांत सुधारला.
घुबड सुधारत नाही.

मासेमारी ही तर शुद्ध थाप.
गळ टाकला, तीन मोजले, मासा वर, तोही हसरा.
इथे केमीत समुद्राला भोक पाडून
मी उलट्या बादलीवर सबंध दुपार बसतो
आणि गारठलेली पाठ तेवढी घरी आणतो.
खेळ बनवणाऱ्यांनी एकदा यावं.
बादली माझी.

आता दोघांनी खेळण्याबद्दल.

डिसेंबरात, सूर्य रजेवर असताना,
नात हिल्ला आली. तिनं एक रिमोट मला दिला,
दुसरा माझ्या बहिणीला, मार्केत्ताला,
आणि स्वतः गालिच्यावर पालथी पडली.
मी बघणार, म्हणाली. तुम्ही खेळा.
तिला कोणी सांगितलं नव्हतं
की बाबांच्या होडीवरून आम्ही नऊ वर्षं
एकमेकांशी बोललेलो नाही.
किंवा सांगितलं असेल. पोरगी आईवर गेलीय.

या खेळात पडदा एकच.
एक पुढे धावला आणि दुसरा रेंगाळला
तर पडदा हलतच नाही.
पुढचा हवेला नाक लावून
जागच्या जागी पाय मारत राहतो.
हे मूर्खपणाचं आहे असं माझं ठाम मत होतं.
मार्केत्ता प्रत्येक कुंडी उलटी करून बघत होती.
लहानपणी बर्फात शाळेला जातानाही हिचं हेच,
आणि उशीर झाला की छडी मला.
मी पाय मारत राहिलो. सोफ्यावर खऱ्या पायानंही.
शेवटी तोंडातून गेलं, चल की.

थांब, ती म्हणाली. नाणं राहिलंय.

नऊ वर्षांनंतरचे हे शब्द.
मी थांबलो. तिनं नाणं घेतलं,
वर मला विचारलं, तुला हवंय का?
नाणी दोघांची एकत्रच मोजतात या खेळात,
म्हणून त्या प्रश्नाला तसा अर्थ नव्हता.
मी हो म्हणालो.

होडी अजून तिच्याच शेडमध्ये आहे.
त्याबद्दलचं माझं मत बदललेलं नाही.

एकूण दहापैकी सात.
तीन गुण घुबडानं घालवले.

मार्चमध्ये तिचा फोन आला,
दोरीच्या पुलापलीकडे गेलास का?
नाही, म्हणालो, तिथे दुसरा गडी लागतो.
बरं, म्हणाली, रविवारी येते.

एकट्यानंही जाता येतं तिथून.
घुबड तीनदा सांगून गेलंय.