हातचा

रावपुऱ्यात, टॉवरमागच्या गल्लीत,
सेव-उसळवाल्याच्या डोक्यावर आमची खोली.
एक स्कॅनर, दोन स्क्रीन,
आणि बंद पडलेल्या स्टुडिओच्या खोक्यांतून आलेल्या
काचेच्या प्लेटा.
रश्शाचा वास काचांना लागतो,
स्कॅनमध्ये येत नाही.

यादवराव फणसे, वय चौऱ्याऐंशी,
मांडवीच्या कापडपेढीत एक्केचाळीस वर्षं खतावणी लिहिलेले,
वडिलांच्या फोटोसाठी आले.
फोटो अंधारा होता. मी सरसकट चाळीस मिळवले.
चेहरा उजळला, कोटाची बटणं वर आली,
आणि पांढऱ्या फेट्यावर
काळी भोकं पडली.

"बेन, फेटा जळाला का?"

नाही काका. प्रत्येक ठिपका म्हणजे एक आकडा.
शून्य म्हणजे काजळ, दोनशे पंचावन्न म्हणजे चुना.
हा ठिपका दोनशे तीस होता,
चाळीस मिळवल्यावर चौदा झाला.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली,
उसळीच्या बिलामागे बेरीज मांडली,
खाली रेघ ओढली, दोनदा.
दोनशे सत्तर.
"चौदा कुठून आले?"
दोनशे छप्पन्न गळाले.
"आणि हातचा?"

शाळेत आकड्यांच्या डोक्यावर लिहायचो
तो बारीकसा एक.
आठ बिटांच्या घरात
त्याला धरायला हातच नाही.
जुना रिक्षामीटर नव्व्याण्णववरून शून्यावर येतो
तसा आकडा येतो खाली,
मुकाट.
प्रोग्रॅम कुरकुरत नाही, लाल अक्षर उमटत नाही,
फक्त सगळ्यात उजळ जागा
सगळ्यात काळी होते.

"मग बेरजेआधीच मोठी वही घ्यायची.
रकाना पुरत नाही हे मागाहून कळून काय उपयोग?"

मला हे कळायला
कॉलेजनंतर एक अख्खं वर्ष गेलं होतं.

वही बदलली. पण स्क्रीनला आठच बिटं चालतात,
म्हणून वर जाईल ते सगळं कापून
दोनशे पंचावन्नावर आणलं.
भोकं बुजली. फेट्याचा झाला चुन्याचा गोळा.
"ज्याचे दोनशे साठ त्यालाही तेवढंच,
ज्याचे दोनशे नव्वद त्यालाही तेवढंच?
ही तडजोड झाली, बेन. हिशेब नाही."

मलाही चीड आली, त्यांची की माझी कोण जाणे.
काच परत स्कॅनरवर ठेवली, या वेळी सोळा बिटांत.
चित्र आलं काळंभोर.
पोटात गोळा. मग कमाल आकडा पाहिला:
चार हजार पंच्याण्णव.
काळं नव्हतंच ते.
मी त्याला पासष्ट हजारांच्या मापाने बघत होते,
पोराच्या अंगात बापाचा कोट.

माप बसवलं. पांढऱ्याला पांढऱ्यापासून सोडवत गेले,
एकेक घडी सुटी झाली,
एकेक पीळ,
आणि कानामागच्या पदरावर
शाईचा शिक्का:
नग १७.

खाली कुणीतरी जादा पाव मागत होतं.

"आई सांगायची, दरबारातून मिळाला होता."
चष्मा पुसून त्यांनी परत पाहिलं.
"स्टुडिओचा आहे. भाड्याचा."

मी काहीच बोलले नाही.
पांढऱ्यात किती पायऱ्या असतात
हे मीच दाखवलं होतं.

"बेन, मघाचा तो… चुन्याचा गोळा.
तो छापा."

छापला. दोनशे पंचावन्न, दोनशे पंचावन्न,
कानापासून कानापर्यंत.
त्यांनी पैसे मोजून दिले, सुटे परत मोजून घेतले,
पाकीट छातीशी धरून जिना उतरले.
चौथ्या पायरीवर थांबले.

"ते सतराचं.
पुसू नका. छापूही नका.
असू द्या तुमच्याकडे."